नावडीचीं क्रियापदें

तीव्र नावड सांगण्यास मराठींत शब्दांची वाण नाहीं. वाण आहे ती विवेकाची. वेल्ह्यांत रोजच्या नाचणीच्या भाकरीचा वीट येईल, कुजक्या मांसाची किळस येईल, शिसारीहि येईल. हीं सर्व आपण होऊन 'येतात'. द्वेष मात्र 'करावा' लागतो. तिरस्काराच्या तर पोटांतच 'कृ' धातु आहे; तरी हल्लीं तो 'वाटतो' असें सर्रास लिहितात. हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. जें येतें त्याचा दोष आपणांकडे नाहीं. जें करतों त्याचा जाब द्यावा लागतो. माणसाविषयीं 'किळस येते' असें लिहिणारा लेखक आपलें कृत्य देहाच्या माथीं मारीत असतो.

'विटाळ होतो' हा प्रयोग याहून चतुर. त्यांत करणाराच दिसत नाहीं. उदाहरण लांबचें नाहीं. भोरहून वरंध घाट उतरला कीं महाड लागतें. तेथें २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी प्राशन केलें. पुढें तळ्यास विटाळ झाला असें ठरवून कर्मठांनीं त्याची शुद्धि केली. पाण्यास कांहींच झालें नव्हतें. माणसांनीं माणसांचा तिरस्कार केला होता. अशा वाक्यांतील दडलेला कर्ता हुडकून काढणें, हें टीकाकाराचें पहिलें काम होय.