हरवलेल्यांचा रकाना कसा वाचायचा? 'बोस्टन पायलट'च्या जाहिराती आणि आपली घाई

ऑक्टोबर १८३१. बोस्टनमधल्या एका कॅथलिक साप्ताहिकात छोटीशी जाहिरात आली. किल्डेअर काउंटीतल्या एका माणसाची बायको चार मुलांना घेऊन बोस्टनला उतरली होती. नवरा साधारण वर्षभरापूर्वी जवळच्या रॉक्सबरीहून गवंडीकाम शोधत कुठेतरी निघून गेला, एवढंच तिला कळलं होतं. तो कुठे आहे, कुणाला ठाऊक आहे का? इथून सुरू झालेला 'मिसिंग फ्रेंड्स' हा रकाना ऑक्टोबर १९२१ पर्यंत, म्हणजे ९० वर्षं चालला.

हे साप्ताहिक म्हणजे 'पायलट'. बिशप बेनेडिक्ट फेनविक यांनी ते १८२९ मध्ये 'द जेझुइट' या नावाने काढलं. नाव दोन-चारदा बदललं आणि १८३६ मध्ये डब्लिनच्या 'पायलट'वरून 'बोस्टन पायलट' झालं. पॅट्रिक डोनाहो या मालकाच्या काळात ते अमेरिकाभरच्या आयरिश लोकांचं पत्र बनलं. १८७६ मध्ये ते आर्चबिशप विल्यम्स आणि जॉन बॉइल ओ'रायली यांच्याकडे गेलं. हे ओ'रायली म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या काळ्या पाण्यावरून पळून आलेले फेनियन क्रांतिकारक! १९०८ पासून पत्र पूर्णपणे चर्चचं झालं. मालक बदलले, धोरण बदललं, पण हा रकाना टिकला.

आज आपल्याला तो दोन रूपांत मिळतो. १९८९ पासून रूथ-अ‍ॅन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी संपादित केलेले खंड, आणि बोस्टन कॉलेजचा ऑनलाइन डेटाबेस. ४० हजारांहून अधिक नोंदी. नाव टाका, काउंटी टाका, यादी समोर. ज्यांनी मायक्रोफिल्मवर डोळे फोडलेत त्यांना या कामाची किंमत वेगळी सांगायला नको. त्याबद्दल कौतुक आहेच. माझी तक्रार हा डेटाबेस आपण ज्या तऱ्हेने वापरतो त्याबद्दल आहे, आणि त्यात मीही आलो.

मी सुरुवातीला काय केलं? काउंटीनुसार जाहिराती मोजल्या, छान तक्ता केला आणि खाली लिहिलं, 'आयरिश स्थलांतराचं भौगोलिक चित्र'. गाईडनी एकच प्रश्न विचारला, "हे स्थलांतराचं चित्र आहे की ताटातुटीचं?" तक्ता तिथेच बाद झाला.

कारण सरळ आहे. ज्याचं पत्र वेळेवर घरी येत होतं, त्याची जाहिरात कुणी देत नव्हतं. जो बोस्टनमध्येच भावाच्या शेजारी राहिला तोही इथे नाही. कालव्यावर, रेल्वेच्या कामावर मुक्काम हलवत राहणारा मजूर मात्र इथे पुन्हा पुन्हा भेटतो. शिवाय जाहिरातीला पैसे पडायचे, त्यामुळे ज्याला शोधणारं कुणी उरलं नाही, किंवा ज्याच्या माणसांकडे पैसे नव्हते, तोही गळतो. याउलट स्थलांतरितांची पत्रं घ्या. कर्बी मिलर यांचं 'एमिग्रंट्स अँड एक्झाइल्स' (१९८५) अशा पत्रांच्या मोठ्या साठ्यावर उभं आहे. पत्र उरतं ते जिथे नातं टिकलं तिथे, जाहिरात निघते ती जिथे नातं तुटायला आलं तिथे. एकट्या कुठल्याही साधनावरून 'आयरिश स्थलांतरित असे होते' असं म्हणणं धाडसाचंच.

दुसरी गोष्ट, पानाची. डेटाबेसमध्ये जाहिरात एकटी उभी असते, पण पत्रात ती एकटी नव्हती. डोनाहो यांचा छापखाना होताच, शिवाय घरी पैसे पाठवण्याचा आणि जहाजाच्या तिकिटांचा व्यवसायही होता. म्हणजे हरवलेल्यांना शोधून देणारं पत्र आणि नवी माणसं समुद्रापार आणणारा धंदा, दोन्ही एकाच मालकाचे. यात ढोंग होतं असं मला म्हणायचं नाही. पण हा रकाना म्हणजे निव्वळ समाजसेवा, हे वाक्यही आपण मग इतक्या सहज लिहिणार नाही.

आणि तिसरी, मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. अशा बऱ्याच जाहिराती सलग वाचल्या की एक जाणवतं. आयर्लंडचा पत्ता काउंटी, पॅरिश, कधी अगदी टाउनलँडपर्यंत नेमका असतो. अमेरिकेचा पत्ता मात्र 'शेवटची खबर आली तेव्हा ओहायोत होता' इतकाच. हे अर्थात स्वाभाविक आहे, माणूस हरवलाय तो अमेरिकेत. पण या तपशिलाला एक गृहीतक आहे: दूरच्या गावात पत्र वाचणारा कुणीतरी त्या पॅरिशचा निघेल आणि म्हणेल, अरे, हा तर आपल्याकडचा! म्हणजे समुद्र ओलांडल्यावरही माणसाची ओळख गावावरूनच पटेल, असा भरवसा. डेटाबेसमध्ये हाच भरवसा 'पॅरिश' नावाचा एक रकाना होतो. आपण त्यावर यादी लावतो आणि पुढे जातो.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना एवढंच सांगेन: डेटाबेस जरूर वापरा, पण मोजणीआधी निदान एका वर्षाचे अंक पानासकट पाहा. ही नोंद कुणी, कुणासाठी, किती पैसे मोजून केली हे विचारा. आणि यात कोण येऊच शकत नव्हतं, याची एक वेगळी यादी वहीत करून ठेवा. माझ्या प्रबंधाच्या त्या प्रकरणात आता तक्त्याच्या आधी ती यादी येते.

राहिला तो गवंडी. तो बायकोला सापडला का? जाहिरात ते सांगत नाही. सांगणं हे तिचं कामही नव्हतं.