हशाची जागा

18 मे 2017 ला सकाळी टीव्हीवर बातमीची पट्टी धावू लागली आणि सासूबाई स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, ‘‘अगं, देवकी गेली.’’ रीमा लागू हे नाव त्यांच्या तोंडी आलंच नाही. आमच्या घरात ती ‘तू तू मैं मैं’मधली सासू देवकी वर्माच होती.

त्या दिवशी मी जेवढ्या वाहिन्या पाहिल्या, तेवढ्यांनी मात्र तिची एकच ओळख धरून ठेवली: हिंदी पडद्याची आई. ‘मैंने प्यार किया’मधली हळवी आई, ‘हम आपके हैं कौन’मधली मुलीच्या सासरी अवघडणारी आई, ‘वास्तव’मध्ये पोटच्या पोरावर गोळी झाडणारी आई. रात्री झोपेपर्यंत मी वाट पाहिली. देवकी दिसली नाही, ‘श्रीमान श्रीमती’तली कोकीही दिसली नाही. एका विनोदी अभिनेत्रीला निरोप देताना तिचा विनोदच घरी ठेवून आलो आपण, असं वाटलं. ही रुखरुख अजून गेलेली नाही, आणि ती एकट्या रीमापुरती नाही. टीव्हीवरच्या मालिकेत बाईनं हसवावं, या कलेकडे आपण कधी नीट पाहिलंच नाही.

आधी आमच्या घराचं सांगते, कारण ही कला घरात बसूनच पाहायची असते. 1956 साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झालं आणि नागपूरहून, ग्वाल्हेर-इंदूरहून सरकारी नोकरांची बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं इकडे आली. माझे सासरे त्यातलेच, नागपूरचे. जवाहर चौकातलं त्यांचं क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, मागे अंगण. मी 1993 साली लग्न होऊन तिथे आले. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर पाऊल टाकलं की हिंदी. टीव्ही उंबऱ्याच्या आत असूनही बाहेरच्या भाषेत बोलायचा आणि त्यातली माणसं बहुधा शर्मा, वर्मा, कपूर असायची. म्हणून केबलवाल्यानं आणून दिलेल्या डीडी मेट्रोवर 1994 साली ‘श्रीमान श्रीमती’ या हिंदी विनोदी मालिकेतलं मुख्य जोडपं केशव आणि कोकिळा कुलकर्णी निघालं, तेव्हा सासरे खुर्ची पुढे ओढून बसले. केशवचं काम करणारे जतिन कनकिया गुजराती रंगभूमीवरचे. कोकिळाचं काम करणारी रीमा मात्र अस्सल मराठी.

हिंदीत अशा घरगुती विनोदाची पहिली गाजलेली मालिका ‘ये जो है ज़िंदगी’, 1984 सालची. ती लिहिणारे शरद जोशी आमच्या भोपाळात अनेक वर्षं राहिलेले, इथल्या माहिती खात्यात काही काळ नोकरी केलेले. मुंबईत चित्रित झालेल्या त्या संवादांत सरकारी गावातल्या मध्यमवर्गाचं बोलणं इतकं ओळखीचं का वाटतं, याचं उत्तर मला तिथे सापडतं.

रीमा म्हणजे माहेरची नयन भडभडे. जन्म 1958 चा. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री. शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत. पुढे युनियन बँकेत नोकरी आणि नोकरी सांभाळून नाटकं. जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मधली तिची अंबिका, शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’मधली झपाटलेली बाई, ही नावं घेतली की आजही जुने नाट्यप्रेमी सावरून बसतात. पडद्यावर ‘सिंहासन’ (1979), मग ‘आक्रोश’, ‘कलयुग’. सुरुवात पाहिली तर ही बाई आईच्या साच्यात बसेल असं कोणाला वाटलं नसतं.

पण 1988 मध्ये ‘कयामत से कयामत तक’ आला. त्यात जुही चावलाची आई झाली तेव्हा रीमा तिशीचीही नव्हती. पुढच्याच वर्षी ती सलमान खानची आई झाली. दोघांत अंतर जेमतेम साडेसात वर्षांचं. ‘वास्तव’मधला मुलगा संजय दत्त तिच्याहून फक्त एका वर्षानं लहान. फिल्मफेअरची चार नामांकनं तिला मिळाली, चारही आईच्या भूमिकांसाठी. या भूमिका तिनं मनापासून केल्या, ‘वास्तव’ तर विसरता येत नाही. पण ही आई सदैव दुसऱ्या कोणासाठी तरी जगते. तिला स्वतःची भूक नाही, हेवा नाही, हट्ट नाही, आणि हेवा-हट्टाशिवाय विनोद उभा राहत नाही.

हेवा आणि हट्ट तिला छोट्या पडद्यानं दिला. श्री अधिकारी ब्रदर्सची निर्मिती आणि राजन वाघधरे यांचं दिग्दर्शन असलेल्या ‘श्रीमान श्रीमती’ची मांडणी साधी होती. शेजारी शेजारी दोन जोडपी. केशव म्हणजे केकू कुलकर्णी शेजारच्या नटीवर, प्रेमा शालिनीवर लट्टू. तिचा घर सांभाळणारा नवरा दिलरुबा कोकिळेवर, म्हणजे कोकीवर लट्टू. प्रेमा झालेली अर्चना पूरणसिंह आणि दिलरुबा झालेले राकेश बेदी यांचा अभिनय मुद्दाम रंग चढवलेला, भडक. कनकियांचाही चेहरा सतत हलता. या तिघांच्या मधोमध रीमानं कोकी अगदी खरी ठेवली. आमच्या गल्लीत भाजी घेताना भेटावी इतकी खरी. तीन माणसं पतंग उडवत असताना चौथ्यानं फिरकी धरावी, तसं ते काम आहे. फिरकी धरणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण त्याच्या हाताचा ताण सुटला की पतंग गेला.

‘तू तू मैं मैं’मध्ये ती फिरकी सोडून पुढे आली. दिग्दर्शक सचिन पिळगावकर, सून राधाच्या भूमिकेत सुप्रिया पिळगावकर. सासू-सुनेच्या वयात खरं तर नऊच वर्षांचं अंतर, आणि या मालिकेचं बळ मला त्यातच दिसतं. दोघी तोडीस तोड होत्या. एक म्हातारी आणि एक पोर असं भांडण नव्हतं ते. एकाच घरावर हक्क सांगणाऱ्या दोन जवान, हुशार बायकांचं होतं. सुप्रिया झरझर बोलायची, भुवया उडवायची. रीमा आवाज चढवण्याऐवजी जड करायची. तिचा आवाज मुळातच थोडा भरलेला, घोगऱ्याकडे झुकणारा. वाक्याचा शेवटचा शब्द ती खाली सोडायची आणि थांबायची.

तिचं खरं मर्म त्या थांबण्यात आहे. नाटकात नट हशा ऐकतो. हशा उठतो, टोकाला जातो, ओसरू लागतो, आणि ओसरण्याआधी पुढचं वाक्य टाकायचं असतं. लवकर टाकलं तर बुडतं, उशिरा टाकलं तर गार पडतं. अमेरिकेत ल्यूसिल बॉलची ‘आय लव्ह ल्यूसी’ 1951 साली सुरू झाली, तेव्हा ती समोर प्रेक्षक बसवून, तीन कॅमेरे लावून चित्रित होत असे. नटीला हशा कानांनी ऐकू येत होता. आपल्या मालिकांनी त्या घाटातलं हसू तेवढं उचललं, प्रेक्षक उचलला नाही. सेटवर शांतता आणि हशा मागाहून चिकटवलेला. म्हणजे नटीला न आलेल्या हशासाठी जागा सोडावी लागते, तीही अंदाजानं, नेमकी मापाची. ज्यांनी रोज रात्री नाट्यगृहात हशा मोजलेला नाही, त्यांचा हा अंदाज चुकतो. आजच्या मालिकांमध्ये चिकटवलेलं हसू पात्राच्या बोलण्यावर चढतं किंवा पात्र उगीच डोळे वटारून उभं राहतं. रीमाच्या भागांमध्ये ते क्वचितच होतं. तिच्या थांबण्यात देवकी काहीतरी करत असते: पदर खोचते, सुनेनं ठेवलेला डबा जागेवर सरकवते, मुलाकडे बघायचं टाळते. हशाची जागा ती रिकामी ठेवत नाही.

दुसरं म्हणजे देवकीला आपण विनोदी आहोत हे ठाऊकच नाही. तिला वाटतं ती न्यायासाठी लढते आहे. सासूबाईंनाही तसंच वाटायचं. आम्ही दोघी एकाच पलंगावर बसून ती मालिका पाहत असू आणि सासूबाई देवकीच्या बाजूनं, मी राधेच्या. मीठ कोणी जास्त टाकलं यावरून आमच्यात सकाळी झालेला अबोला त्या अर्ध्या तासात कितीदा सुटला असेल. तो सुटला, कारण पडद्यावर दोघींनाही मान होता. कोणी खलनायिका नव्हती, कोणी गाय नव्हती.

मालिकेत दोष होते. भाग पुढे गेले तशी भांडणं त्याच त्या खुंट्यांवर टांगली गेली. मला जास्त टोचतं ते हे, की दोघींच्या मध्ये बसलेला मुलगा दर वेळी सुटतो. घरातल्या बाईची धग दुसऱ्या बाईवरच निघते आणि पुरुष गोंधळलेला, निरागस राहतो. लेखकांनी देवकीला मुलावर एकदा तरी मनापासून चिडू द्यायला हवं होतं. अमेरिकेतल्या ‘एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड’मध्ये डोरिस रॉबर्ट्सनं केलेली सासू मरी बॅरोन देवकीची सख्खी बहीण शोभेल अशी, पण तिथे मुलगाही धारेवर धरला जातो. त्या कामासाठी रॉबर्ट्सला चार एमी पुरस्कार मिळाले. मालिका सुरू झाली तेव्हा ती सत्तरी ओलांडलेली होती. देवकी झाली तेव्हा रीमा छत्तिशीची. आपल्याकडे छत्तिशीतच बाईला सासू करतात, आणि खऱ्या सत्तरीतल्या अभिनेत्रीला मग काही उरत नाही.

‘तू तू मैं मैं’ पुढे स्टार प्लसवर गेली आणि 2000 पर्यंत चालली. त्याच वाहिनीवर 3 जुलै 2000 ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली. नातं तेच, सासू-सुनेचं. पण हसू गेलं आणि त्या जागी ढोल, विजा, तीन-तीनदा वळणारा कॅमेरा आला. भांडण सोडवण्याचं साधन होतं, ते भांडण पोसण्याचं झालं. हिंदी टीव्हीच्या इतिहासात मला ही सर्वांत मोठी पडझड वाटते. नंतर ‘साराभाई वर्सेस साराभाई’मध्ये रत्ना पाठक शाहनं देवकीचा धागा उचलला आणि श्रीमंत घरात नेऊन लखलखीत विणला, पण ते एकुलतं एक वस्त्र राहिलं.

आज काय आहे? मराठीत ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ 2018 पासून घराघरात आहे आणि नम्रता संभेराव, विशाखा सुभेदार, वनिता खरात यांच्यासारख्या बायका त्यात जीव ओतून हसवताना दिसल्या. त्यांची ताकद रीमाहून कमी आहे असं मी म्हणणार नाही. नम्रताला तर एखाद्या मिनिटात अख्खी बाई उभी करता येते. पण ते प्रहसन. दहा-बारा मिनिटांत पात्र जन्मतं आणि संपतं. देवकीसारखी सहा वर्षं घरात राहिलेली बाई, जिच्या रागाचा इतिहास प्रेक्षकाला पाठ आहे, ती प्रहसनात तयार होत नाही. निर्मिती सावंतची गंगूबाई नॉनमॅट्रिक हे मराठीतलं शेवटचं असं मोठं पात्र मला आठवतं.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’मधली दादी आणि गुत्थी पुरुषांनी साकारल्या. ‘चला हवा येऊ द्या’मध्ये साडी नेसलेले पुरुष हे हुकमी पान. आपल्याला बालगंधर्वांची परंपरा आहे, त्यामुळे पुरुषानं स्त्री साकारण्याला माझी हरकत नाही. पण गंधर्वांच्या काळी बायका रंगभूमीवर सहसा येत नव्हत्या. आज त्या आहेत, आणि तरी मध्यमवयीन, भांडकुदळ, ठसठशीत बाईचं काम पुरुषाकडे जातं. बाईचं शरीर मग फक्त चेष्टेचं होतं. रीमा देवकीच्या साडीत उभी राहायची तेव्हा साडीला कोणी हसत नव्हतं.

हिंदीत ‘भाभीजी घर पर हैं’ 2015 पासून ‘श्रीमान श्रीमती’चाच सारीपाट मांडून बसली आहे: दोन घरं, दोन जोडपी, शेजाऱ्याच्या बायकोवरचा डोळा. अंगूरी भाभी आधी शिल्पा शिंदेनं केली, मग आमच्या मध्य प्रदेशातल्या शुभांगी अत्रेनं. दोघींचा भाबडेपणा गोड आहे, टायमिंग पक्कं आहे. पण अंगूरीला आपल्याभोवती काय चाललंय ते कळत नाही आणि हसू त्या न कळण्यावर उभं आहे. कोकी कुलकर्णी बावळट नव्हती. वीस वर्षांत बाईची अक्कल काढून घेऊन हशा तेवढा ठेवला गेला.

रीमा स्वतः शेवटी कुठे पोहोचली, तर ‘नामकरण’ मालिकेत. करारी, कठोर दयावंती मेहता. ज्या ढोलांच्या आवाजात देवकी बुडाली, त्याच जगातली बाई. त्यातही तिनं थांबण्याच्या जागा तशाच राखल्या, पण त्या जागांमध्ये आता दिग्दर्शक विजा भरत होता. जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ती तिथे चित्रीकरण करत होती. वय 58.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा काढल्या, त्यात ‘श्रीमान श्रीमती’ होती. जवाहर चौकातलं क्वार्टर तोवर सुटलं होतं, त्या भागातली, टी. टी. नगरातली सरकारी घरं स्मार्ट सिटीसाठी पाडली गेली आणि आम्ही मुलाच्या फ्लॅटवर आलो होतो. सासूबाईंना नावं आठवेनाशी झाली होती. मालिका लागली, कोकी दारात आली, केकूकडे बघून काहीतरी बोलली आणि थांबली. चिकटवलेला हशा यायला अर्धा क्षण होता. सासूबाई त्याच्या आधी हसल्या.