प्रवासवर्णनातला मुक्काम

प्रवासवर्णन हाती घेतले म्हणजे ग्रंथकाराने काय पाहिले हे विचारण्याआधी तो रात्री निजला कोठे हे विचारावे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. जुनी व्हॅन घ्यावी, तीत अंथरूण, स्टोव्ह व चार भांडी भरावी आणि वाटेल तेथे मुक्काम करीत किनाऱ्याकिनाऱ्याने हिंडावे, ही हौस आता आपल्याकडेही रुजत आहे. महाराष्ट्र शासनाने तर 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच आखले. हौसेमागोमाग लेखन येणारच. तेव्हा या जातीच्या लेखनाचा नामांकित नमुना जो जॉन स्टाइनबेक यांचा ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’, तो पुन्हा पारखून पाहणे अस्थानी होणार नाही.

हे पुस्तक 1962 साली निघाले. त्याच वर्षी ग्रंथकारास नोबेल पारितोषिक मिळाले. 1960 च्या सप्टेंबरात, वयाच्या 58 व्या वर्षी, चार्ली नावाचा कुत्रा बरोबर घेऊन हे गृहस्थ लाँग आयलंडवरून निघाले. मालमोटारीच्या पाठीवर निजण्याशिजवण्याची सोय असलेली लहानशी खोली बसविलेली. गाडीचे नाव डॉन किहोतेच्या घोड्यावरून ‘रोसिनांते’. अटलांटिककाठच्या मेनपासून पॅसिफिककाठच्या कॅलिफोर्नियापर्यंत आणि दक्षिणेतून परत, अशी ही देशप्रदक्षिणा. भाषा प्रसन्न आहे, विनोद मार्मिक आहे, आणि कुत्र्याचे स्वभावचित्र तर काही माणसांच्या चित्रांहून सरस उतरले आहे.

पण 2010 साली बिल स्टायगरवाल्ड या पत्रकाराने त्याच मार्गाने जाऊन व जुनी पत्रे ताडून पाहिली, तेव्हा असे निष्पन्न झाले की ग्रंथकाराच्या पुष्कळ रात्री मोटेलांत व हॉटेलांत गेल्या, आणि बराच काळ पत्नीही सोबत होती. वाटेत भेटलेल्या माणसांचे काही संवाद तर कल्पित असावेत असे दिसते. पुढे पन्नास वर्षांच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे पुस्तक अक्षरशः खरे मानू नये, असे सुचविले गेले.

यावर कोणी म्हणेल, कादंबरीकाराने थोडी कल्पना लढविली तर बिघडले कोठे? आमच्या मते बिघडते. दिग्रसच्या वाचकास अरुणावतीच्या धरणाचे पाणी ठाऊक. समुद्र येथून पाचशे किलोमीटरांहून दूर. ज्याने लाट पाहिली नाही त्यास लेखकाच्या शब्दाशिवाय दुसरा साक्षीदार नाही. कादंबरी वाचताना आपण फसण्यास राजी असतो. प्रवासवर्णन वाचताना तसा करार झालेला नसतो. शिवाय एकटेपणा हाच या पुस्तकाचा रस आहे. तोच उसना निघाला, तर त्यावर उभारलेल्या चिंतनाचे काय करावे?

गंमत अशी की पुस्तकातील सर्वांत जळजळीत प्रकरण गाडीबाहेरचे आहे. न्यू ऑर्लीन्समध्ये कृष्णवर्णी बालिका गोऱ्यांच्या शाळेत जाऊ लागली, तेव्हा तिला शिव्या घालण्यास जमलेल्या बायांचा जमाव पाहण्यास ग्रंथकार गेले ते रोसिनांते मागे ठेवून, भाड्याच्या टॅक्सीने. तेथे लेखणी कशी धार धरते ते वाचकाने स्वतःच पाहावे.

या ठिकाणी आमच्या विष्णुभट गोडशांची आठवण होते. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक 1857 मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. ‘माझा प्रवास’ त्याने पुष्कळ वर्षांनी, आठवणीवरून लिहिला. त्यात चुका आहेतच. 1907 साली चिंतामणराव वैद्यांनी तो छापला तोही हात फिरवून. मूळ बखर दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली ती 1966 साली. तथापि भटजी कोठे उतरले, काय खाल्ले, किती मिळाले व ते कसे लुटले गेले, हे ते लाज न बाळगता सांगतात. त्यांची चूक स्मरणाची आहे, सोंगाची नव्हे.

रेवसपासून रेडीपर्यंत जुनी व्हॅन घेऊन जाणाऱ्या आमच्या तरुण लेखकांस पावलोपावली खाड्या आडव्या येतील. दाभोळच्या धक्क्यावर धोपाव्याकडे जाणारी फेरीबोट डोळ्यांदेखत सुटेल, पाऊस टपातून गळू लागेल, आणि रात्र एखाद्या लॉजच्या कोंदट खोलीत काढावी लागेल. ती खोली त्यांनी गाळू नये. चांदण्यात वाळूवर निजल्याची वर्णने आम्हांस पुष्कळ मिळतील. त्या खोलीचे भाडे, तेथील डास आणि बाहेर भिजत उभी असलेली गाडी यांचे वर्णन मात्र क्वचितच वाचावयास मिळते.