धर्मनिष्ठा आणि वरपरीक्षा

आपल्याकडे वरसंशोधन सुरू झालें म्हणजे मुलाचें घराणें, शिक्षण आणि प्राप्ति ह्यांची चौकशी होते, आणि शेवटीं 'मुलगा सच्छील आहे' असा निर्वाळा मिळाला कीं वडील मंडळी निश्चिंत होतात. सच्छील मनुष्य चांगला पति होईलच काय, हा पुढचा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. शार्लट ब्राँटे हिनें 1847 सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'जेन एअर' कादंबरींत तो विचारला आहे, आणि तोहि एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाची वरपरीक्षा मांडून. बहुतेक वाचक रोचेस्टरच्या प्रणयकथेच्या ओढीनें हा भाग भराभर उलटून पुढें जातात. माझ्या मतें लेखिकेच्या विचाराचा खरा कस येथेंच लागला आहे.

रोचेस्टरची पहिली बायको जिवंत आहे, हें ऐन लग्नाच्या वेळीं उघडकीस आल्यावर जेन त्याचें घर सोडून निघते. उपाशी व निराश्रित अशा स्थितींत तिला सेंट जॉन रिव्हर्स आपल्या घरांत थारा देतो. हा तरुण पाद्री सुंदर, विद्वान आणि निष्कलंक आहे; मिशनरी होऊन हिंदुस्थानांत जावयाचें आणि तेथेंच देह झिजवावयाचा, असा त्याचा निश्चय आहे. पुढें तो जेनचा आतेभाऊच निघतो. विश्वासूनें अविश्वासूबरोबर विजोड जुवाखालीं जाऊं नये, असा उपदेश पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत केला आहे, आणि ख्रिस्ती कुटुंबांत जोडीदार निवडतांना पुष्कळदां हाच दाखला पुढें करतात. ह्या कसोटीस सेंट जॉन पुरेपूर उतरतो.

त्याची स्वतःची वधूपरीक्षा पाहण्यासारखी आहे. रोझामंड ऑलिव्हर ह्या धनिककन्येवर त्याचें मनापासून प्रेम आहे. पण मिशनऱ्याच्या कष्टमय आयुष्यास ती निरुपयोगी, असा हिशेब करून तो तिला मनावेगळी करतो. जेनवर त्याचें प्रेम मुळींच नाहीं. परंतु तिनें खेड्यांतील शाळा चिकाटीनें चालविली, चुलत्याकडून मिळालेल्या 20,000 पौंडांचे चार समान भाग करून तीन भाग आतेभावंडांस दिले, आणि आपल्या सांगण्यावरून जर्मन सोडून ती हिंदुस्थानी भाषा शिकूं लागली, हें सारें तो शेतकरी बैल पारखतो त्या नजरेनें टिपून ठेवतो. मग मागणी घालतो ती स्वतःच्या नांवानें नव्हे, ईश्वराच्या नांवानें.

जेनचें उत्तर मार्मिक आहे. बहीण म्हणून ती हिंदुस्थानांत येऊन राबावयास तयार आहे. पत्नी म्हणून मात्र नाहीं. तिला श्रमांचें भय नाहीं, परदेशांतील मरणाचेंहि नाहीं. दांपत्याचे सारे उपचार प्रेमावांचून सोसावे लागतील, ह्याचें तिला भय आहे. सेंट जॉनला हें उमगत नाहीं, कारण सहकारी आणि पत्नी ह्यांत त्याच्या लेखीं फारसा भेदच नाहीं. उलट मला नाकारणें म्हणजे देवाला नाकारणें, असा धाक तो घालतो. येथें त्याची धर्मनिष्ठा दुसऱ्याच्या मनावरील अंकुश होऊन बसते. पौलाचा उपदेश कोणतें स्थळ टाळावें एवढेंच सांगतो. कोणतें पतकरावें हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें, ही गोष्ट लेखिकेनें नीट ओळखली आहे.

1848 सालीं 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्यें एलिझाबेथ रिग्बी हिनें हें पुस्तक ख्रिस्ती वृत्तीच्या विरुद्ध असल्याचा ठपका ठेवला. मला तो पटत नाहीं. ज्या जेननें प्रेम असूनहि धर्माखातर रोचेस्टरचें घर सोडलें, तीच धर्माच्या नांवावर आलेलें प्रेमशून्य लग्न नाकारते. दोन्ही नकारांच्या मुळाशीं विवाहाविषयींचा एकच आदर आहे. लेखिका स्वतः पाद्र्याची मुलगी होती. 1839 सालीं मैत्रिणीचा भाऊ हेन्री नसी ह्या तरुण पाद्र्यानें घातलेली मागणी तिनें नाकारली होती. आणि 1854 सालीं तिनें लग्न केलें तेंहि वडिलांच्या हाताखालील आर्थर बेल निकल्स ह्या पाद्र्याशींच. तेव्हां तिचा आक्षेप धर्मावर किंवा पाद्र्याच्या झग्यावर नव्हता, हें उघड आहे.

ह्या प्रकरणांतील एक दोष मात्र मला डांचतो. जेन अखेर वांकते. ईश्वराची इच्छा अशीच आहे अशी खात्री पटली तर होकार देईन, असें म्हणण्यापर्यंत येते. आणि नेमक्या त्या क्षणीं दूर असलेल्या रोचेस्टरची हांक ऐकूं येऊन तिची सुटका होते. इतका वेळ विवेकानें चाललेला झगडा शेवटीं चमत्कारावर सोंपवावा, हें बरें दिसत नाहीं. जिला अशी हांक ऐकूं येत नाहीं, त्या मुलीनें काय करावें? शिवाय त्या वेळीं जेनच्या पदरीं स्वतःचे 5,000 पौंड आहेत. निराधार मुलीला हाच नकार किती महाग पडला असता, ह्याचा विचार वाचकानेंच करावयाचा आहे.

तरीहि कादंबरीचा शेवट पाहिला म्हणजे लेखिकेच्या न्यायबुद्धीविषयीं आदर वाटतो. शेवटचा परिच्छेद जेनच्या सुखी संसाराला न देतां तिनें हिंदुस्थानांत अविवाहित राहून मृत्यूची वाट पाहणाऱ्या सेंट जॉनला दिला आहे. पति म्हणून नाकारलेल्या मनुष्याची थोरवी जेन तेथें मोकळ्या मनानें मान्य करते. आपल्या घरांत एखाद्या मुलीनें निर्दोष स्थळास नकार दिला, तर 'त्याच्यांत खोट काय आहे?' हा प्रश्न तिला विचारण्यापूर्वीं वडील मंडळींनीं हीं प्रकरणें एकदां वाचावींत. खोट नसलेल्या मनुष्यालाहि नाहीं म्हणण्याचें कारण असूं शकतें, आणि तें सांगतांना मुलीला शब्द सांपडतीलच असें नाहीं.