स्लो मोशन कुणासाठी?

अकिरा कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराय’मध्ये (१९५४) एक चोर लहान मुलाला ओलीस धरून झोपडीत लपतो. कांबेई हा समुराय भिक्षूच्या वेशात आत शिरतो. आत काय घडलं ते कुरोसावा दाखवतच नाही. चोर बाहेर येतो, क्षणभर टाचा उंचावून उभा राहतो आणि संथगतीने धुळीत कोसळतो. बघणारे गावकरी मात्र नेहमीच्याच वेगात दिसतात. मरणाऱ्याचा काळ आणि बघ्यांचा काळ असा वेगळा होतो. अ‍ॅक्शनपटातल्या स्लो मोशनची खरी ताकद मला या छोट्या प्रसंगात दिसते.

सॅम पेकिनपाने ‘द वाइल्ड बंच’मध्ये (१९६९) एकाच गोळीबारावर वेगवेगळ्या वेगाने चालणारे कॅमेरे लावले. संकलक लू लोम्बार्डोने ते तुकडे असे गुंफले, की संथ दृश्यावर नजर स्थिरावते न स्थिरावते तोच ते तुटतं. रक्त दिसतं, पण त्यात रमायला सवड मिळत नाही.

हाँगकाँगचा जॉन वू पेकिनपाला मानणारा. दोन्ही हातांत पिस्तुलं, चर्च, कबुतरं या त्याच्या खुणांची जगभर नक्कल झाली. ‘अ बेटर टुमॉरो’त (१९८६) चाऊ युन-फॅट उपाहारगृहाच्या बोळातून ऐटीत जातो, जाता जाता कुंड्यांत पिस्तुलं लपवतो, सूड उगवतो आणि पायात गोळी खातो. पुढचा चित्रपटभर तो लंगडतो. त्या ऐटीची किंमत वूने वसूल केली. ‘मिशन: इम्पॉसिबल २’मध्ये (२०००) ज्वाळांपाशी कबुतर उडतं, टॉम क्रूझ दिसतो आणि त्याला काहीच मोजावं लागत नाही. खूण तीच, पण जीव गेलेला.

आपल्याकडे स्लो मोशन आता मुख्यतः नायकाच्या एंट्रीसाठी उरलंय. याला तंत्राचाही हातभार आहे. सेकंदाला २४ऐवजी ९६ फ्रेम घ्यायच्या तर चौपट फिल्म खर्ची पडे, त्यामुळे कुठला क्षण लांबवायचा हे आधी ठरवावं लागे. डिजिटल कॅमेऱ्याने ती अडचण संपवली आणि निवडही संपली. एस. एस. राजामौली याला बराचसा अपवाद. ‘आरआरआर’मध्ये (२०२२) पुलाखाली दोन अनोळखी माणसं दोराला लोंबकळत एका पोराला वाचवतात, तेव्हा लांबवलेल्या क्षणात त्यांची मैत्री जुळते. तिथे संथगती कथेचं काम करते.

मराठीत ‘पावनखिंड’चा (२०२२) विषयच थकत, तुटत जाणाऱ्या शरीरांचा होता. उड्या आणि तलवारींच्या झेपांवर रेंगाळणारा कॅमेरा मला तिथे खटकला. रात्रभर चिखल तुडवत आलेल्या मावळ्याच्या धापा टाकणाऱ्या छातीवर तो अधिक थांबायला हवा होता. पुढचा शिवकालीन चित्रपट करणाऱ्यांनी संकलनाला बसण्यापूर्वी कुरोसावाचा तो चोर एकदा जरूर पाहावा.