सूर्यास्ताचे फोटो एकसारखे का येतात?

संगमनेरात बसून समुद्राबद्दल बोलायचं, हे जरा गमतीचंच आहे. आपल्याकडे प्रवरा आणि म्हाळुंगी. सूर्य मावळतो तो अकोल्याच्या डोंगरांआड. म्हणूनच असेल, दिवाळीच्या नाहीतर मेच्या सुट्टीत हरिहरेश्वर, गुहागर, हर्णै करून आलेल्या घरी गेलो की चहाआधी मोबाइलमधले सूर्यास्त पुढे येतात. आम्ही ते मन लावून बघतो. पण गुहागरचा कुठला आणि हरिहरेश्वरचा कुठला, हे काही केल्या ओळखता येत नाही.

सुझन सोंटॅग यांनी १९७७ च्या ‘ऑन फोटोग्राफी’ या पुस्तकात हा विषय जवळजवळ निकालातच काढला. चित्रांनी ओसंडलेल्या माणसाला आता खरा सूर्यास्तही फोटोसारखाच शिळा वाटतो, असा त्यांचा रोख. आम्हाला हे पटत नाही. कंटाळा आला तो चित्रांचा, त्याचं खापर सूर्यावर का? शिवाय हौशी माणसाची टर उडवणं फार सोपं असतं. कांटने १७९० मध्ये सौंदर्याच्या आनंदाबद्दल लिहिलं की त्यात आपला कसलाच हितसंबंध गुंतलेला नसतो. त्या आनंदाच्या जवळ जाणारा हा हौशी माणूसच आहे. (लाइक मोजत बसला नाही, तर!)

मग दोष साध्या कॅमेऱ्याचा? तसंही नाही. आमच्या पिढीत आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो, शटरचा वेग एकच, रोल बहुधा कृष्णधवल. रंग मिळणारच नव्हता, त्यामुळे होडी, सुरूचं झाड, जाळं ओढणारा माणूस असा काहीतरी आकार शोधावा लागे. त्यातलेही पुष्कळ फोटो वाईटच येत, जुनं ते सोनं असं आमचं म्हणणं नाही. पण काय घ्यायचं, हे माणूस ठरवत असे.

आज ते यंत्र ठरवतं. समोरचा उजेड सरासरी असणार, असं मोबाइल धरून चालतो. वाळू काळोखी दिसली की तो उजेड वाढवतो आणि सूर्याचा पांढरा डाग होतो. केशरी छटा जास्त वाटली तर तीही पुसतो. सगळीकडे हाच हिशेब, मग फोटो वेगळे येणार कसे? पडद्यावर आकाशाच्या जागी बोट टेकवून उजेड थोडा खाली ओढा, एवढ्यानेही फरक पडतो. आता कोणी म्हणेल, ही तर ढवळाढवळ झाली, फोटो ‘जसं होतं तसं’ असावा. पण जसं होतं, म्हणजे कसं? सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा भूमितीच्या हिशेबाने तो क्षितिजाखाली गेलेलाच असतो. हवेत किरण वाकतात म्हणून बिंब सुमारे ३४ कला वर दिसतं आणि बिंबाचा व्यास आहे ३२ कला! जे तिथे नाहीच, त्याचा प्रामाणिक फोटो म्हणजे शेवटी तुम्हाला जे दिसलं त्याचा फोटो. ते सांगायची जबाबदारी यंत्रावर ढकलता येत नाही.

आणि ते बिंब आहे केवढं? जेमतेम अर्धा अंश. मोबाइलचं नेहमीचं भिंग साधारण सत्तर अंश टिपतं, म्हणजे रुंदीचा एकशेचाळिसावा हिस्सा. एवढ्याशा ठिपक्याला नायक करून फोटो कसा उभा राहील? (तळहातावर सूर्य झेलण्याबद्दल आम्ही बोलत नाही.) हर्णैला समोर सुवर्णदुर्ग आहे, त्याला पुढे घ्या. डिसेंबर ते जून या काळात मावळतीची जागा आपल्या अक्षांशावर जवळजवळ पन्नास अंश उत्तरेला सरकते, त्यामुळे किल्ला आणि सूर्य यांचं नातं दिवाळीत एक आणि मेमध्ये दुसरं. ओहोटीला ओली वाळू आरशासारखं आकाश धरते, भरतीला ते मिळत नाही.

टेकल्यापासून बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटं लागतात. मग सगळे भेळेच्या गाडीकडे वळतात. उंच ढगांवर त्यानंतरही काही वेळ खालून ऊन पडत असतं, रंग गडद होत जातात. आम्हाला दाखवलेल्या फोटोंत या वेळेचा एकही फोटो अजून आलेला नाही.