शालूचा रंग कोणता? : लग्नाच्या एका कृष्णधवल अल्बमविषयी

गेल्या महिन्यात माझ्या पुतणीच्या लग्नाचा अल्बम घरी आला. जाड पुठ्ठ्याचा, करड्या कापडात बांधलेला, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ब्लॅक अँड व्हाइट. एकही फोटो रंगीत नाही. मुलीनं आणि जावयानं हे ठरवूनच केलं होतं. ‘काका, क्लासिक दिसतं ना? आजी-आजोबांच्या अल्बमसारखं,’ ती म्हणाली. आणि मग, ‘तुमच्या मंडळासाठी यावर लिहा ना काहीतरी.’ तिला कौतुक हवं होतं, हे मला कळतं. मी ते करणारही आहे, पण सगळ्याच पानांचं नाही.

अडचण आईमुळे आली. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे. तिनं भिंग घेऊन अल्बम पहिल्यापासून चाळला, दोनदा मागं गेली, आणि विचारलं, ‘माझा शालू कुठाय रे?’ सप्तपदीला पुतणीनं आईचाच शालू नेसला होता, १९६४ सालचा. मी बोट ठेवून दाखवला. आई म्हणाली, ‘हा? हा तर कोळशासारखा दिसतोय. माझा डाळिंबी होता.’

आईच्या लग्नाचे आमच्याकडे चोवीस फोटो आहेत. बाराचा एक, असे दोन रोल. त्या चोवीसही फोटोंत शालू करडा आहे, आणि ते साहजिक आहे. म्हणजे त्या डाळिंबी रंगाची नोंद कुठंच नव्हती. साठ वर्षांनी तोच शालू मांडवात आला, समोर कोट्यवधी रंग टिपणारा कॅमेरा होता, आणि आपण तो पुन्हा करडाच करून ठेवला. शालूच्या घड्या आता विरल्या आहेत, जर काळी पडते आहे. पुन्हा कुणी तो नेसेल असं वाटत नाही.

मी पंचवीस वर्षं पाणीपुरवठ्याची कामं केली. इतिहास नंतर आला, तोही वाचून आणि लोकांच्या माळ्यावरच्या ट्रंका उघडून. त्यामुळे फोटो पाहिला की मी आधी ‘सुंदर आहे का’ असं विचारत नाही, ‘हा कसा झाला’ असं विचारतो. या अल्बमबद्दल माझी पहिली तक्रार तिथूनच आहे. तो आजी-आजोबांच्या अल्बमसारखा दिसत नाही. जुन्याचा फक्त भास होतो.

माझ्या आजी-आजोबांचा स्टुडिओत काढलेला एकच फोटो आहे, १९३०च्या दशकातला. त्यात आजीचं कुंकू काजळासारखं काळं आहे. याचं कारण रसायनात आहे. सुरुवातीच्या काचांना फक्त निळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाला रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळाही ओळखायला लावता येतो हे सापडलं. लाल ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला १९०६ उजाडलं, आणि त्यानंतरही लालाला आंधळी फिल्म स्टुडिओंतून कित्येक वर्षं वापरात होती, कारण ती लाल दिव्यात बघत धुता येते. म्हणून जुन्या फोटोत लाल काळा येतो आणि निळं आकाश पांढरं पडतं.

आजचा कॅमेरा रंगीतच टिपतो. मग संगणक त्या रंगांचा करडा करतो, आणि त्याचं ठरलेलं गणित साधारण असं असतं : लालाचे 30 टक्के, हिरव्याचे 59, निळ्याचे 11. हे प्रमाण रंगीत टीव्हीच्या काळातलं आहे, रंगीत प्रक्षेपण साध्या संचावर नीट दिसावं म्हणून बसवलेलं. परिणाम जुन्या फोटोच्या उलटा होतो. निळा सगळ्यात गडद, पिवळा जवळजवळ पांढरा. आणि लाल-हिरव्याची गंमत बघा. संगणकाचा भडक लाल, 255, घ्या, त्याचा करडा येतो 76. बाटलीसारखा गडद हिरवा, 128, घ्या, त्याचा येतो 75. डोळ्याला फरक कळणार नाही. अल्बमच्या चौदाव्या पानावर मुलीचे हात जवळून घेतले आहेत, तळव्यावर कुंकू, मनगटात हिरवा चुडा. दोन्हींचा रंग एकच. चुडा भरलाय की नुसत्या बांगड्या आहेत, हे माहीत असलेल्यालाच कळेल.

चांगला फोटोग्राफर हे प्रमाण हातानं बदलतो, लाल उचलतो, हिरवा दाबतो. इथं ते फारसं केलेलं दिसत नाही. म्हणून मी म्हणतो की रंग काढून टाकणं आणि कृष्णधवल फोटो काढणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हळदीची सहा पानं तर मला मान्यच नाहीत. हळदीचा समारंभ रंगाचा आहे, त्यात दुसरं काही नाही. करड्यात ती हळद पिठासारखी दिसते. पोरीच्या गालाला कुणीतरी कणीक फासली आहे आणि आत्या, मावश्या हसताहेत. (१८८०च्या काचेवर तीच हळद चिखलासारखी दिसली असती. निदान तेव्हा इलाज नव्हता.) गौरीहराच्या पानांवरही तोच घोळ. मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री आणि नंतरचं लुगडं यांतला फरक गेला, त्यामुळे पानं क्रमानं लावताना खुद्द फोटोग्राफरची चूक झाली आहे. अठरावं पान बाविसाव्यानंतर हवं होतं. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. मला आलं, कारण त्या वेळी मी तिथं पंख्याची वायर जोडत होतो.

आणखी एक गोष्ट जाते, ती म्हणजे नावं. आई आणि आत्या अल्बम बघताना रंगांवरून बायका ओळखतात. ‘ती चिंतामणी माहेश्वरीतली कोण?’ ‘आमसुली नेसलीय ती धारची.’ आपल्या इंदूरच्या मराठी घरांत हे शब्द अजून टिकून आहेत, कारण माहेश्वर जवळ आहे आणि साड्या अजून हातमागावरच्या येतात. या अल्बमवर ते बोलणंच झालं नाही. दोघी वीस मिनिटं गप्प बसून पानं उलटत होत्या.

‘आजी-आजोबांसारखं’ या म्हणण्याबद्दलही सांगायला हवं. त्या एकुलत्या फोटोवर आजीच्या गालावर फिकट गुलाबी आणि काठांवर हिरवा रंग हातानं भरलेला आहे. ब्रशचा फटकारा भिंगातून दिसतो. असे रंगवलेले फोटो आपल्याकडे एकोणिसाव्या शतकापासून होते, दरबारी आणि साधे, दोन्ही. लोकांना रंग हवाच होता. पुढे हाताशी रोल आला तो उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’, आणि कॅमेरा बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक-थ्री. आमच्या धाकट्याच्या मुंजीचे फोटो मामांनी त्यावरच काढले, बारा दाबायचे आणि तेराव्याला हळहळायचं. रंगीत परवडलं असतं तर मामांनी रंगीतच घातला असता. त्या पिढीनं कृष्णधवल निवडलं नव्हतं, त्यांच्या वाट्याला ते आलं होतं.

टिकण्याचा मुद्दाही काढला जातो. खऱ्या कृष्णधवल छापात चांदी असते, आणि नीट धुतलेली चांदी शंभर वर्षं सहज टिकते. १९९५ चा माझ्या लग्नाचा रंगीत अल्बम आता सगळा तांबूस झाला आहे, आईचा १९६४ चा जसाच्या तसा आहे. हे खरं. पण पुतणीच्या अल्बममध्ये चांदी नाही. हे फोटो रंगीत कागदावर, रंगांच्याच मिश्रणानं करडे छापलेले आहेत. ट्यूबलाइटखाली धरले की हलकी हिरवट झाक दिसते. उडायचे तेव्हा तेही उडतील.

मग या अल्बममध्ये चांगलं काय? आहे, आणि पुष्कळ आहे. रुकवताच्या टेबलामागे स्टुलावर झोपलेला आचाऱ्याचा मुलगा. अंतरपाट धरलेल्या गुरुजींची बोटं. जेवणाच्या पंगतीत एकमेकींकडे न बघता एकाच गोष्टीवर हसणाऱ्या दोन व्याहिणी. आणि पाठवणीचा फोटो, माझ्या मते अख्ख्या अल्बममधला सगळ्यात चांगला. मुलगी पाठमोरी, माझा भाऊ तिच्याकडे न बघता गाडीच्या दारावर हात ठेवून उभा आहे, जणू दार नीट लागतंय का एवढंच तो तपासतोय. तो तसाच आहे. रंग नसल्यामुळे नजर थेट त्या हातावर जाते.

इथं आपल्या शहरातल्या एका उदाहरणाची आठवण होते. यशवंतराव आणि संयोगिताबाई होळकरांचे मॅन रे यानं १९३०च्या सुमारास फ्रान्समध्ये काढलेले फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. जवळजवळ बसलेली, हसणारी दोन तरुण माणसं. राजेपणाचा बडेजाव त्यांत नाही, आणि म्हणून कृष्णधवल तिथं शोभतं. उलट दीनदयाळ. आपल्याच इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करणारा रुडकीचा माणूस (इंजिनिअरनं इंजिनिअरचा अभिमान बाळगावा), पुढे निजामाकडे राजा झाला. त्यांच्या दरबारी फोटोंत पोत इतका बारीक आहे की किनखाब हाताला लागेल असं वाटतं, तरी तो कोणत्या रंगाचा हे विचारायला आता कुणी उरलेलं नाही. आमच्या घरी विचारायला आई आहे.

म्हणून मी फोटोग्राफरला फोन केला. तरुण मुलगा, बोलायला बढिया. त्यानं सांगितलं की मूळ फाइली रंगीतच आहेत, पण तीन महिन्यांनी तो त्या पुसतो, आणि आठवडाच उरला होता. मग त्यानं स्वतःहून जे सांगितलं त्यानं माझी थोडी पंचाईत झाली. ‘सर, हॉलमध्ये जांभळ्या एलईडी होत्या. ब्लॅक अँड व्हाइट केलं नसतं तर सगळे आजारी दिसले असते.’

त्यानं फाइली पाठवल्या. त्याचं म्हणणं बरोबर होतं. सप्तपदीच्या सगळ्या फोटोंत होमाच्या बाजूनं नारिंगी आणि स्टेजच्या बाजूनं जांभळा उजेड आहे, आणि शालू कुठं वांगी, कुठं गुलबक्षी. आईनं एकेक पाहिला. ‘हा नव्हे. हाही नव्हे.’ म्हणजे रंगीत आहे म्हणून खरं आहे, असंही नाही. हे मी आधीच ओळखायला हवं होतं.

शेवटी पाठवणीचा फोटो उघडला. दुपारचा साडेचारचा उजेड, हॉलच्या बाहेर, सावलीत. आईनं स्क्रीनवर बोट टेकवलं. ‘हां. हा.’

फोटो म्हणून तो रंगीत पाहवत नाही. भावाच्या डोक्यामागे एक निळाभोर पाण्याचा टँकर उभा आहे, आणि नजर आधी तिथंच जाते. हात शोधावा लागतो. पुतणीला दोन्ही दाखवले. ती म्हणाली, अल्बममधला बदलणार नाही. मीही आग्रह केला नाही, अल्बमसाठी तोच बरोबर आहे. रंगीत प्रत मागच्या पुठ्ठ्याच्या आत पाकिटात घालायचं ठरलं, आणि हळदीचे सहा फोटो रंगीत करून त्याच पाकिटात.

प्रत आली तेव्हा मऊ पेन्सिल घेऊन मी आईजवळ बसलो. पाठीमागे लिहिलं : शालू, बनारसी, १९६४, डाळिंबी, काठ हिरवा. आईनं भिंगातून वाचलं.

‘हिरवा खोड,’ ती म्हणाली. ‘राघू लिही.’